सूप कुणाचं

आमच्या घराला कुलूप लावलं की अब्बा ते दोनदा ओढून बघत. ते चार पावलं पुढं गेले की अम्मा मागं राहून आणखी एकदा ओढी, कारण तिचा अब्बांच्या ओढण्यावर भरवसा नव्हता. दूध आलं की आधी बोट बुडवायचं, तराजू दिसला की आधी त्याच्या तळाशी चिंच चिकटवलीय का ते बघायचं, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की घरातली भांडी मोजायची, अशी आमची रीत. मीही त्याच वळणाची. आज इतकं वय झालं तरी नातवंडानं ‘आजी, तू किती छान दिसतेस’ म्हटलं की माझा हात आधी पानाच्या डब्यावर जातो.

घरात आम्ही दखनी बोलायचो. पण घोडनदीची दखनी म्हणजे अर्धीअधिक मराठीच, आणि आता मला ती सगळी बोलणी मराठीतच आठवतात, म्हणून तशीच लिहिते. शिरूर हे कागदावरचं नाव. आम्ही जुनी माणसं गावाला घोडनदीच म्हणतो.

अब्बांचं एसटी स्टँडाजवळ सायकलीचं दुकान होतं. थोरला भाऊ त्यांच्या हाताखाली. भावानं पंक्चर काढलं की अब्बा ती ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून बुडबुडे बघत. ‘भरवसा ठेवावा तो ब्रेकवर, आणि तोही स्वतः बसवला असला तर,’ असं ते गिऱ्हाइकासमोर म्हणत आणि भाऊ मान खाली घालून हसे. घरातल्या आम्ही तिघी, म्हणजे अम्मा, भाभी आणि मी, विड्या वळायचो. मी सातवीची परीक्षा पास झाले होते आणि लग्न ठरायचं होतं, म्हणजे गावाच्या हिशेबानं मी फुकट बसून होते.

नदीच्या वाटेला विडीवाल्या शेठची पत्र्याची शेड होती. सकाळी तिथं चटया अंथरलेल्या असत. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली टेंभुर्णीची पानं, बाजूला तंबाखू. पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूट तंबाखू घालून वळायचं, दोरा बांधायचा, नखानं तोंड मिटायचं. संध्याकाळी मुकादम येई. तो विड्या चिमटीत दाबून बघे आणि वाईट वाटतील त्या बाजूला काढी. याला छाट म्हणत. छाट काढलेली विडी आमच्या खात्यात धरली जात नसे, पण फेकलीही जात नसे. ती एका डब्यात जाई, आणि डबा आत शेठच्या गोदामात जाई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नसे, कारण बोललं की दुसऱ्या दिवशी छाट वाढे.

शेडमध्ये प्रत्येकीची चटईवर जागा ठरलेली होती, पण ती फक्त बसेपर्यंत. आजारी पडली, गावाला गेली, बाळंत झाली, की जागेवर दुसरी बसलेली. मग पुन्हा मुकादमाच्या मिनतवाऱ्या करायच्या.

भाभी दौंडची. तिचे वडील रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे मजूर, होते. ती लहान असताना वाफेनं त्यांचा हात भाजला होता आणि ते बरेच दिवस घरी पडून होते. भाभी ही गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा सांगे. तिला नवल हात भाजल्याचं नव्हतं, नवल पुढच्याचं होतं. माणूस घरात पडलाय, आणि तरी त्याची जागा त्याचीच आहे. बरा होऊन गेला तर त्याच जागेवर उभा राहिला, आणि कुणाच्या पाया पडला नाही. अम्मा म्हणे, रेल्वे म्हणजे इंग्रजांनी घालून दिलेली चाकरी, तिची गोष्ट निराळी.  पण भाभीच्या मनात ते पक्कं बसलेलं होतं.

तिचं पहिलं बाळंतपण मी पाहिलं होतं. कळा येईपर्यंत ती शेडमध्ये बसली होती. जागा जाईल या भीतीनं तिनं सकाळपासूनचं दुखणं कुणाला सांगितलं नाही. शेवटी दोघी बायकांनी तिला धरून घरी आणलं. मूल झालं, पण रडलं नाही. सुईण त्याला उलटं धरून थोपटत राहिली आणि भाभी विचारत राहिली, ‘रडत का न्हाई?’ पंधरवडाही झाला नसेल, ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. दूध आलं की तिचा झंपर भिजायचा आणि ती पदर ओढून घेऊन वळत राहायची. मला तेव्हा तिच्याकडे बघवत नसे. राग यायचा, पण तो कुणावर काढावा हे कळत नसे.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिला पुन्हा दिवस गेले. त्याच वर्षी दिल्लीच्या लोकसभेत विडी कामगारांचा कायदा चर्चेला आला.

ही बातमी शेडमध्ये आणली मीच. स्टँडावरच्या हॉटेलात पुण्याचा पेपर एसटीनं यायचा, आणि शिळा झाला की अब्बा तो सायकलीचे सुटे भाग गुंडाळायला आणायचे. मी त्यातलं पान काढून शेडमध्ये नेई आणि बायका वळत असताना वाचून दाखवी. त्या बदल्यात शेजारच्या बायका माझी पानं कापून देत, म्हणजे माझा तोटा होत नसे. बातमीत होतं की विडी वळणाऱ्या बाईला बाळंतपणाची रजा मिळेल, आणि त्या रजेत तिला कामावरून काढता येणार नाही. भाभीनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

बाकीच्या बायकांनी ते हसण्यावारी नेलं. दिल्लीत कुणी सूप तरी बघितलंय का, असं एक म्हातारी म्हणाली. पण पुढच्या खेपेच्या पेपरात आलं की छाटीवरही चर्चा झाली. मालकाला विड्या किती बाजूला काढता याव्यात याला मर्यादा हवी, असं कुणी सभासद म्हणाला होता, आणि काढलेल्या विड्यांचं मालक पुढं काय करतात असंही कुणी विचारलं होतं. मी हे वाचलं आणि शेडमधल्या कात्र्या थांबल्या.

आधी मला वाटलं, खूश झाल्या. पण त्या खूश झाल्या नव्हत्या. म्हातारी हळूच म्हणाली, ‘हे दिल्लीला कळलं कसं?’

झालं. त्या दिवसापासून शेडमध्ये वारं फिरलं. कुणीतरी आपल्यातलंच बोललं असणार. शेठला वाटेल आपणच सांगितलं. घोडनदीच्या डब्याची गोष्ट दिल्लीत जाते म्हणजे मधे कुणीतरी पोस्टमन हवा, असा सरळ हिशेब होता. संगमनेरला, सिन्नरला, सोलापुरालाही असेच डबे असतील हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, खरं तर. पहिला संशय माझ्यावर आला, कारण मला लिहिता येत होतं. दुसरा भाभीवर, कारण तिचा बाप रेल्वेत आणि रेल्वेत युनियन. दोन्ही संशय आमच्याच चटईवर येऊन बसले. आम्ही गेलो की बोलणं बंद होई, पाणी प्यायला उठलो की सुरू होई. माझी पानं कापून द्यायचं थांबलं.

मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

शेठ मात्र त्या दिवसांत फार गोड झाले. छाट कमी झाली. मुकादम आमची चौकशी करायला लागला. बायका म्हणाल्या, बघा, माणूस मनानं चांगला आहे, मधल्यांनी बिघडवलं होतं. मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, मुकादम सायकल घेऊन दुकानात येतो तेव्हाही हल्ली चहा पाजतो, काहीतरी शिजतंय.

ते खंडेनवमीला कळलं. खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापल्या हत्यारांची पूजा करायची. शेडमध्ये दर वर्षी सुपं आणि कात्र्या मांडून नारळ फुटायचा. त्या वर्षी शेठाणी स्वतः आल्या. भिंतीशी नव्या कोऱ्या सुपांची चळत होती. एकेकीला पाटावर बसवून त्यांनी ओटी भरायला घेतली. नारळ, खण, तांदूळ, आणि वर ते नवं सूप. सुपात कात्री, पानाचा जुडगा आणि तंबाखूची पुडी. आम्हा मुसलमान बायकांना कुंकू लावलं नाही, पण ओटी भरली. गावात ती पद्धतच होती. शेठाणी प्रत्येकीला म्हणाल्या, ‘आजपासून सूप तुझं, कात्री तुझी, पानं तुझी. आता तू कुणाची नोकर न्हाईस.’

बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना पाटावर कुणी बसवलं नव्हतं.

मग शेठ उभे राहिले. म्हणाले, शेडचं छप्पर गळतंय, दुरुस्तीला काढायचंय. तुम्ही आता आपापल्या घरी बसून वळा. पोरंबाळं डोळ्यांसमोर राहतील. पानं-तंबाखू तुम्ही आमच्याकडून विकत घेतली असं समजायचं आणि विड्या आम्हाला विकल्या असं समजायचं. हिशेब मुकादम बघेल. तुम्ही आता धंदेवाल्या. कुणी येऊन विचारलं तर खरं तेच सांगा, की धंदा आमचा आहे.

वाटेत अम्मा हळूच म्हणाली, छप्पर तर मागच्या पावसातही गळलं नाही. पण तिनं सूप सोडलं नव्हतं. ते तिनं पदराखाली धरलं होतं. मी म्हटलं, परत देऊन टाकू. तेव्हा ती रस्त्यातच थांबली. ओटीतलं परत करतं का कुणी? देणारीलाही अवदसा आणि घेणारीलाही. आणि घरात पोटुशी असताना तर नावच काढू नकोस.  कपट दिसत होतं, पण ते अशा वस्तूत गुंडाळून दिलं होतं की हात मागं घ्यायची सोय नव्हती. बाजारात कुणी असं फसवलं असतं तर अम्मानं चार माणसं गोळा केली असती. ओटीपुढं तिचा सगळा संशय लुळा पडला.

पुढच्या पेपरात मला ते सापडलं. दिल्लीत नेमका हाच वाद चालला होता. शेडमध्ये वळणारी बाई कामगार, हे सगळ्यांना मान्य. पण घरी बसून वळणारी कोण? कुणी म्हणत होतं, तीही कामगारच, कारण माल मालकाचा आणि विडीही मालकाची. कुणी म्हणत होतं, ती आपल्या मर्जीची मालकीण, तिला कायदा कसा लावणार, आणि तिच्या घरात तपासनीस कसा घुसवणार? मी ते चुलीपुढं बसून भाभीला वाचून दाखवलं. भाभीनं नव्या सुपाकडं बघितलं. मग म्हणाली, ‘म्हंजी आमाला ओटी भरून कायद्यातनं बाहेर काढलं.’

तिनं सूप लांब सरकवलं. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, मला पैका नको, काही नको, मला फक्त चाळीस दिवस निजायचंय. आणि निजून उठले की माझी जागा माझी असायला हवी. तिचा कायद्यावर भरवसा होता, अजूनही होता. आपण कामगार आहोत एवढं कुणी अधिकाऱ्यानं लिहून घेतलं तर दिल्लीत कायदा होईल तेव्हा आपलं नाव त्यात असेल, असं तिला वाटे. मी म्हटलं, लिहून घेणारा अधिकारी कुणाचा माणूस असेल कुणास ठाऊक. अब्बा बाहेरच्या ओट्यावरून म्हणाले, अगदी बरोबर. भाऊ म्हणाला, तिला एवढी आशा तरी ठेवू द्या. त्यावर अब्बांनी त्याला विचारलं की मागच्या चाकाचं बेअरिंग नीट बसवलंस का.

दिवाळीनंतर गल्लीत एक बोलणं पसरलं. शेठ म्हणे एक माणूस पाठवणार आहेत, साहेबासारखे कपडे घालून. तो घरोघर विचारेल, आणि जी बाई शेठचं काम करते म्हणून सांगेल तिची पानं त्या दिवसापासून बंद. हे बोलणं कुणी सोडलं ते कधी कळलं नाही. मुकादमानं सोडलं असेल, किंवा आमच्यातल्याच कुणाच्या भीतीनं. पण ते सगळ्यांना एकदम पटलं. अम्मा आणि अब्बांना तर फारच, कारण जगाबद्दलचं त्यांचं मत त्यात तंतोतंत बसत होतं. रोज संध्याकाळी घरात उजळणी व्हायची. सूप कुणाचं? माझं. विड्या कुणाच्या? माझ्या. भाभी ऐकत बसायची. पहिल्यांदा ती हसली. मग हसायची थांबली. मग एके दिवशी अम्मानं विचारलं तेव्हा तिनंही उत्तर दिलं.

माणूस आला तो बाजाराच्या दिवशी. पुढच्या आळीतून पोरं ओरडत आली की शेठची जीप आलीय. जीपमधून उतरला एक किडकिडीत माणूस, काखेत कातडी बॅग, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्याच्याबरोबर मुकादम. एकेका दारात तो उभा राही, विचारी, लिही आणि पुढं जाई. गल्लीतल्या बायका आपापल्या ओट्यावरून खणखणीत आवाजात सांगत होत्या, धंदा आमचा. म्हातारीनं तर सूप डोक्यावर उचलून दाखवलं.

आमच्या दारात आल्यावर त्यानं मुकादमाला गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबायला सांगितलं. मुकादमानं मान वाकवली आणि गेला. मला मनातून हसू आलं. असल्या नाटकाला आम्ही भुलणार नव्हतो. शेठच्या जीपमधून आलेला माणूस शेठच्या मुकादमाला बाहेर घालवतो, म्हणजे आम्ही मोकळं बोलावं म्हणूनच की.

अम्मानं आपलं पढवलेलं सांगितलं. मीही सांगितलं. मग त्यानं भाभीकडं बघितलं. तिला सातवा लागला होता आणि सूप मांडीवर नीट बसत नव्हतं, ते तिनं गुडघ्यांवर पुढं सरकवून धरलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला.

‘बाई, मी पुण्याहून आलोय, कामगार खात्यातून,’ तो म्हणाला. ‘तुम्ही कुणाचं काम करता ते मला सांगा. खरं सांगितलंत तर तुमच्याच भल्याचं आहे.’

भल्याचं म्हणाला तिथंच तो आमच्या घरात संपला. आमच्या भल्याची काळजी असलेला माणूस आजवर त्या दारात आला नव्हता. भाभीनं अम्माकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

‘सूप कुणाचं आहे?’ त्यानं विचारलं.

‘माझं.’

‘विकत घेतलंत?’

‘ओटीत आलं. ओटीतलं माझंच की.’

‘आणि पानं?’

‘ती बी ओटीतच आली व्हती.’

त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, ‘मग विड्या कुणासाठी वळता?’

हातातली विडी भाभीनं वळून पुरी केली, दोरा बांधला, नखानं तोंड मिटलं. मग म्हणाली, ‘कुणासाठी न्हाई. माझा धंदा हाय, साहेब.’

तो आणखी काही विचारणार होता, पण त्यानं विचारलं नाही. लिहून घेतलं आणि उठला. जाताना उगाच मागं वळून बघितलं. तो गेल्यावर अम्मानं भाभीच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. संध्याकाळी घरात सणासारखं वाटत होतं. आम्ही शेठला ओळखलं होतं, आणि शेठला ते कळलंही नव्हतं. अब्बांनी दुकानातून येताना जिलबी आणली.

चार-पाच दिवसांनी भाभीचे वडील दौंडहून आले. पहिलं मूल हाती लागलं नव्हतं, म्हणून हेच पहिलं धरायचं आणि बाळंतपण माहेरी करायचं असं ठरलं होतं. उंच, काटक माणूस, रेल्वेचा निळा कोट, एका हाताची कातडी जुन्या भाजण्यानं चकचकीत. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी आधी दाराबाहेर डोकावून बघितलं. मग आवाज खाली आणून मुलीला विचारलं, ‘पुण्याचा साहेब यिऊन गेला का गं? चष्मेवाला?’

भाभीनं मान हलवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमीनंतर भाभी दोन दिवस माहेरी गेली होती, तेव्हा तिनं त्यांच्यापाशी शेड बंद झाल्याचं आणि ओटीचं सगळं बोलून दाखवलं होतं. त्यांनी दौंडच्या आपल्या युनियनच्या माणसांना गाठलं, त्यांनी पुण्याच्या माणसांना, आणि पुण्याचे लोक कामगार खात्यात जाऊन बसले. घोडनदीत बायकांना कामगाराच्या धंदेवाल्या केलंय, एकदा जाऊन बघा. ते स्वतः रजा काढून त्या साहेबाला भेटून आले होते. माझी लेक तिथं हाय, ती खरं सांगंल, असं त्याला सांगून आले होते. आम्हाला आधी का कळवलं नाही, असं भावानं विचारलं. ते जरा ओशाळले. म्हणाले, मुकादमाची सायकल तुमच्याच दुकानात असते. गोष्ट फुटली असती तर साहेब यायच्या आधी शेठ सावध झाला असता. साहेब स्टँडावर उतरल्याबरोबर मुकादमानंच त्याला गाठून चहाला नेलं आणि जीपमध्ये घातलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही ते नंतर कळलं.

अम्मानं पदर तोंडावर घेतला.  त्या किडकिडीत माणसाचा दोऱ्यानं बांधलेला चष्मा मला दिसत राहिला. मी भाभीकडं बघितलं. 

‘मग?’ तिचे वडील म्हणाले. ‘काय सांगितलंस?’

भाभीनं मान वर केली. ‘सांगितलं, अब्बा. शेठचं काम करते म्हणून सांगितलं.’

त्यांनी डोळे मिटून खुदाचे आभार मानले. भाजलेला हात मुलीच्या डोक्यावर ठेवला. अम्मानं त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. आमचे अब्बा तेव्हा दुकानात होते. ते संध्याकाळी आले तेव्हा अम्मानं त्यांना परसात नेऊन सगळं सांगितलं. ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ हातच धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे भाभीला पोचवायला स्टँडावर गेलो. न्हावऱ्यावरून दौंडला जाणारी एसटी उभी होती. भावानं ट्रंक टपावर चढवली. भाभीच्या वडिलांनी कंडक्टरला सांगून तिला खिडकीची जागा करून दिली आणि शेजारच्या माणसाला सांगितलं की माझी लेक विडीची कामगार आहे, तिला आता रजा मिळणार आहे, कायदा होतोय. तो माणूस बरं म्हणाला. भाभी खिडकीतून दुसरीकडं बघत होती.

मग काय वाटलं कुणास ठाऊक, ते पुन्हा खाली उतरले. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस, सिग्नल पडला तरी एकदा वाकून बघणारा. ते अब्बांजवळ आले. म्हणाले, ‘एक विचारतो, राग मानू नका. पोरगी मला बरं वाटावं म्हणून बी बोलली असंल. साहेबानं खरंच लिहून घेतलं का?’

आमचे अब्बा. दूधवाल्याचा, भावाचा, अम्माचा, माझा, कुणाचाच शब्द तपासल्याशिवाय कधी न मानणारे. त्यांनी त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘लिवून घेतलंय. मी तिथंच हुभा व्हतो.’

भाभीच्या वडिलांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ते गाडीत चढले. कंडक्टरनं घंटी मारली.